विश्वाचे विरजण
प्रस्तावना

बेळगावजवळच्या मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे छोटे वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक सरफेस ग्राइंडर, एक ड्रिलिंग मशीन आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये डिझेल इंजिनाला जोडलेला जुना जनरेटर. एका पावसाळ्यात सकाळपासून लाईट नव्हती. माल त्याच दिवशी द्यायचा होता, म्हणून त्याने दोन वर्षे झाकून ठेवलेला जनरेटर उघडला. मी नेमका तेव्हाच तिथे पोहोचलो. इंजिन धडधडत होते, पण व्होल्टमीटरचा काटा शून्यावरून हलत नव्हता. "बघा की सर," तो म्हणाला, "इंजिन झकास फिरूलंय, पण करंट काय येईना."

वसाहतीतले एक वयस्कर वायरमन आले. त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी इंजिन बंद करायला लावले, वायरी ओढून पाहिल्या, कार्बन ब्रश काढून पुसले, मीटर लावून वाइंडिंग तपासले आणि म्हणाले, "मशीन बरोबर हाय. दूध चांगलं हाय, विरजण तेवढं गेलंय." मग त्यांनी टेम्पोची १२ व्होल्टची बॅटरी मागवली. इंजिन पुन्हा सुरू झाले आणि मामांनी फील्डच्या दोन टोकांना बॅटरीच्या वायरी क्षणभर टेकवल्या. बारीक ठिणगी उडाली. काटा थरथरला, विसावर आला, साठावर गेला आणि बघता बघता २३० वर जाऊन थांबला. बॅटरी तोवर बाजूलाही ठेवली गेली होती. त्यानंतर संध्याकाळपर्यंत जनरेटर स्वतःच्या बळावर चालला.

हे पुस्तक माझ्या मनात सुरू झाले ते त्या शेडमध्ये.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवले. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तारेचे वेटोळे फिरवले की वीज तयार होते, हे वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत नालाच्या आकाराचा कायमचा चुंबक काढलेला असतो. मोठ्या जनरेटरमध्ये मात्र सहसा तसा चुंबक नसतो. तिथे विद्युतचुंबक असतो आणि त्याला लागणारी वीज तोच जनरेटर पुरवतो. वीज हवी तर चुंबकत्व हवे, चुंबकत्व हवे तर वीज हवी. ही गाठ सुटते, कारण मागच्या वेळचे थोडेसे चुंबकत्व लोखंडात शिल्लक राहिलेले असते. त्यावर किंचित वीज निघते, ती फील्डच्या वेटोळ्यातून फिरून चुंबकत्व वाढवते, वाढलेले चुंबकत्व आणखी वीज देते. लोखंडाची क्षमता संपते तिथे ही वाढ थांबते. पण शिल्लक काहीच नसेल, तर इंजिन वर्षभर फिरवले तरी काटा हलणार नाही. शून्याची दुप्पट शून्यच.

आपल्या आकाशगंगेचे चुंबकत्व याच रीतीने वाढले असावे, असे आज बहुतेक खगोलशास्त्रज्ञ मानतात. तारे आणि वायू यांचे प्रचंड चाक फिरते आहे, म्हणजे इंजिन आहे. त्यातला वायू वीजवाहक आहे, म्हणजे वाइंडिंगही आहे. मग बॅटरी कशाची होती? विश्वातील चुंबकत्वाच्या उगमाचा प्रश्न हाच आहे. तो अजून पुरता सुटलेला नाही, आणि म्हणूनच तो आपल्या मुलांपर्यंत पोहोचला पाहिजे.

आधी मापे पाहू. चुंबकीय क्षेत्र मोजायचे एक सोयीचे माप गॉस. होकायंत्राची सुई फिरवणारे पृथ्वीचे क्षेत्र आपल्या भागात सुमारे ०.४ गॉस आहे. इस्पितळातल्या एमआरआय यंत्राचे साधारण १५,००० गॉस असते. सूर्यावरच्या डागांमध्ये ते ३,००० गॉसच्या आसपास असते. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये हे ओळखले आणि पृथ्वीबाहेरच्या चुंबकत्वाचा पहिला पुरावा मिळाला. न्यूट्रॉन ताऱ्यांवर हा आकडा लाख कोटी गॉसपर्यंत आणि त्याहूनही वर चढतो. उलट, ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत, आपल्या आकाशगंगेभर पसरलेले क्षेत्र गॉसच्या दहा लाखाव्या भागाच्या पाच-सहा पट एवढेच आहे. दीर्घिकांच्या मोठाल्या समूहांत, दोन दीर्घिकांच्या मधल्या तप्त वायूतही ते जवळपास तेवढेच सापडते.

एवढ्या क्षीण क्षेत्राची दखल का घ्यायची? कारण ते व्यापते ती जागा अफाट आहे. ताऱ्यांमधल्या वायूच्या खळबळीत जेवढी ऊर्जा आहे, जवळपास तेवढीच या क्षीण क्षेत्रात साठलेली आहे. वायूचा ढग स्वतःच्या वजनाने कोसळू लागला की हे क्षेत्र त्याला आतून टेकू देते आणि तारे जन्माला येण्याचा वेग आवरते. अवकाशातून येणारे विश्वकिरण आकाशगंगेत कसे भटकतील, हेही तेच ठरवते.

जिथे कुणी जाऊ शकत नाही तिथले चुंबकत्व कळते कसे? १९४९ मध्ये हिल्टनर आणि हॉल या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांना दिसले की दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश एका ठरावीक दिशेने जास्त कंप पावतो. वाटेतले धुळीचे लांबट कण एका दिशेत लागलेले होते आणि त्यांना तसे लावणारे होते आकाशगंगेचे चुंबकीय क्षेत्र. कागदावर लोखंडाचा कीस पसरून खाली चुंबक धरला की कीस रांगा धरतो, ते आपण शाळेत करतो. इथे कारण थोडे गुंतागुंतीचे आहे आणि कण क्षेत्राला आडवे लागतात, पण शिस्त तशीच. दुसरी खूण मायकेल फॅरडे यांनी १८४५ मध्येच प्रयोगशाळेत पाहिली होती. चुंबकीय क्षेत्रातून जाताना प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरते. दूरच्या रेडिओ लहरी आपल्यापर्यंत येताना किती फिरल्या, हे वेगवेगळ्या तरंगलांबींवर मोजले की वाटेत किती चुंबकत्व होते त्याचा हिशोब लागतो. तिसरी खूण म्हणजे प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन. चुंबकीय क्षेत्रात ते मळसूत्रासारखे गिरक्या घेत जातात आणि रेडिओ लहरी सोडतात. अशा लहरी आल्या की तिथे चुंबकत्व आहे असे समजावे.

या लहरी ऐकणारी जगातली एक मोठी दुर्बीण मराठी मुलखात आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या वाचकाने ही तबकडी जवळून पाहावी. तिला जाड पत्रा नाही. स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी दोरखंडांनी ताणून बसवली आहे. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका राहतो आणि खर्च आवाक्यात येतो. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरीला मात्र ती जाळी भिंतीसारखी लागते. दीर्घिकांच्या समूहांत पसरलेल्या चुंबकत्वाच्या खुणा या दुर्बिणीने जगाला दाखवल्या आहेत.

आता एक समज दूर केला पाहिजे. पृथ्वीच्या पोटात भला मोठा कायमचा चुंबक पुरलेला आहे, असे पुष्कळांना वाटते. त्याचे खरेखोटे मच्छेतल्या कुठल्याही हीट ट्रीटमेंटच्या भट्टीसमोर करता येते. थंड पोलादाचा तुकडा चुंबकाला चटकन चिकटतो. तोच तुकडा भट्टीतून लालभडक काढला की चुंबक त्याला ओळखतही नाही. लोखंडाचे हे चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसला जाते. जुने लोहार पाणी देण्याआधी चुंबक लावून पाहत, ते याचसाठी. पृथ्वीच्या गाभ्याचे तापमान यापेक्षा कितीतरी पट जास्त आहे, त्यामुळे तिथले लोखंड कायमचा चुंबक असू शकत नाही. जमिनीखाली २,९०० किलोमीटरवर वितळलेल्या लोखंडाचा जो थर आहे, तो उष्णतेने वर-खाली होतो, पृथ्वीबरोबर फिरतो आणि जनरेटरप्रमाणे चुंबकत्व तयार करत राहतो. तो थांबला तर पृथ्वीचे क्षेत्र हजारो वर्षांत ओसरून जाईल. खडक मात्र सांगतात की ते निदान साडेतीनशे कोटी वर्षे टिकून आहे.

सूर्याचे चुंबकत्वही द्रव्याच्या हालचालीतून येत असावे, ही कल्पना जोसेफ लार्मर यांनी १९१९ मध्ये मांडली. १९३४ मध्ये थॉमस काउलिंग यांनी तिला मोठी अडचण दाखवली. अगदी सुबक, अक्षाभोवती सगळीकडून सारखे क्षेत्र असा जनरेटर, म्हणजे डायनॅमो, टिकवू शकत नाही, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले. १९५५ मध्ये यूजीन पार्कर यांनी वाट काढली. वर चढणारे द्रव्य फिरत्या गोलात पीळ खाते आणि तो पीळच चुंबकत्व जिवंत ठेवतो. दोरी वळणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. तो पेड ताणतो, पीळ देतो, दुमडतो, आणि एकाचे दोन होतात. चुंबकीय रेषांचे वेटोळेही असेच ताणले, पिळले आणि स्वतःवर दुमडले की दुप्पट जोराचे होते. रशियन शास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी हीच कृती डायनॅमोचे मर्म म्हणून सांगितली. १९९९ च्या अखेरीस लाटवियातील रीगा आणि जर्मनीतील कार्ल्सरूह इथे वितळलेले सोडियम फिरवून असे आपोआप वाढणारे चुंबकत्व प्रयोगशाळेत मिळाले. सिद्धांत धातूत उतरला.

आपल्या लोकांचा या शास्त्राशी संबंध जुना आहे, हे मला ठासून सांगायचे आहे. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिथे १८४१ पासून चुंबकीय मोजणी सुरू झाली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्या वेधशाळेचे काम पाहिले. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले केरूनाना छत्रे विशी गाठण्याआधीच तिथे साहाय्यक झाले. पुढे ते मोठे गणिती म्हणून नावाजले आणि लोकमान्य टिळकांचे गुरू झाले. रात्री-बेरात्री कंदिलाच्या उजेडात टांगलेल्या चुंबकाची हालचाल टिपून ठेवायची, हे ते काम. त्याचे मोल २ सप्टेंबर १८५९ ला कळले. त्या दिवशी सूर्यावरून आलेल्या वादळाने पृथ्वीचे क्षेत्र हादरले आणि कुलाब्याच्या नोंदवहीत आडवे क्षेत्र सुमारे ०.०१६ गॉसने घसरल्याची नोंद झाली. आकडा लहान दिसतो, पण तो तिथल्या आडव्या क्षेत्राच्या जवळपास चार टक्के आहे. ती नोंद आजही जगभरचे संशोधक वापरतात.

पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले. ट्रामच्या विजेने चुंबकीय मोजणी बिघडली असती, म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. १९०४ मध्ये तिथे लोखंड न वापरता वेधशाळा बांधली गेली. कुलाबा आणि अलिबाग इथे १९०६ पर्यंत एकाच वेळी मोजणी झाली, म्हणजे जुनी नोंद आणि नवी नोंद यांचा सांधा तुटला नाही. अलिबागचे काम अजून चालू आहे आणि नवी मुंबईजवळ पनवेलला असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था ते सांभाळते. पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट न चुकता मोजत राहणे ही मोठी विद्या आहे, आणि आपल्या लोकांनी ती इथे कमावली.

त्याहून जुनी नोंदवही आपल्या पायाखाली आहे. बेळगाव दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या दक्षिण कडेला वसले आहे. मच्छेच्या शिवारातला जांभा आणि तांबडी माती ही पावसापाण्याने खडक झिजून, कुजून तयार झालेली. जुन्या स्पीकरमधला चुंबक दोरीला बांधून पाऊस ओसरल्यावर या मातीतून ओढत न्यावा. मिशा फुटल्यासारखे काळे कण त्याला लगडतात. आम्ही लहानपणी हा खेळ खेळायचो आणि कुणाला किती 'मिशा' आल्या त्यावर पैजा लावायचो. ते कण म्हणजे लोहखनिज. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी सह्याद्री घडवणारा लाव्हा निवत असताना त्यातल्या अशाच कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवली. १९५० च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील गटाने आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी या खडकांचे चुंबकत्व मोजले. खडकांची साक्ष अशी निघाली की तेव्हा भारतभूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, सुमारे ३० अंशांवर. सह्याद्रीतल्या थरांपैकी पुष्कळसे थर उलट्या चुंबकत्वाचे आहेत, म्हणजे ते निवले तेव्हा आजचे होकायंत्र दक्षिणेला उत्तर म्हणाले असते. भूखंड सरकतात हे जगाला पटायला या कामाने हातभार लावला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. विश्वात विजेची क्षेत्रे फार टिकत नाहीत, कारण धन आणि ऋण भार सगळीकडे मोकळे फिरतात आणि कुठे विजेचा साठा झाला की लगेच तो मिटवतात. चुंबकत्वाला असा मिटवणारा कोणी नाही. सुटा उत्तर ध्रुव किंवा सुटा दक्षिण ध्रुव आजवर कुणाला सापडलेला नाही. म्हणून एकदा निर्माण झालेले चुंबकत्व वीजवाहक वायूत अडकून युगानुयुगे राहते. टिकण्याचे कोडे असे बरेचसे सुटते, सुरुवातीचे राहते.

सुरुवातीचा एक मार्ग जर्मन शास्त्रज्ञ लुडविग बिअरमान यांनी १९५० मध्ये दाखवला. त्याला नावच बिअरमान बॅटरी असे पडले आहे. ते वाचले तेव्हा मला मामांची टेम्पोची बॅटरी आठवली. इलेक्ट्रॉन प्रोटॉनपेक्षा सुमारे १,८३६ पट हलका. तप्त वायूचा दाब दोघांवरही येतो, पण हलका तो लवकर सरकतो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत मागून रेटा आला की कडेवरून उतरलेली पोरे आधी पुढे पळतात आणि मोठी माणसे मागे राहतात, तसेच. रेटा सरळ असेल तर आई हाक मारून पोराला परत ओढते आणि प्रकरण मिटते. पण रेटा एका दिशेने आणि गर्दीची दाटी दुसऱ्या दिशेने वाढत असेल, तर पोरे सरळ न जाता गोल फिरू लागतात. वायूतही तापमान एका दिशेने आणि घनता दुसऱ्या दिशेने बदलत असेल, तर इलेक्ट्रॉन गोल फिरतात. गोल फिरणारा भार म्हणजे विजेचा प्रवाह, आणि प्रवाह आला की चुंबकत्व आले. आधी काहीही नसताना आले. विरजणाशिवाय दही लागले.

हे विश्वात घडले कुठे? इथे पुन्हा महाराष्ट्राचे नाव येते. १९९४ मध्ये कंदस्वामी सुब्रमण्यन, डी. नरसिंह आणि शशिकुमार चित्रे यांनी दाखवले की विश्वातल्या पहिल्या तेजस्वी स्रोतांनी भोवतालच्या थंड हायड्रोजनचे अणू फोडायला सुरुवात केली, तेव्हा त्या पुढे सरकणाऱ्या सीमेवर बिअरमान बॅटरी आपोआप चालू झाली असणार. उजेडाची सीमा एका दिशेने सरकते, वायूचे दाट-विरळ पुंजके मात्र वेड्यावाकड्या मांडणीत असतात. बॅटरीला हवी असलेली तिरकस परिस्थिती तयारच होती. सुब्रमण्यन यांनी पुढे पुण्याच्या आयुकात, जयंत नारळीकरांनी उभारलेल्या संस्थेत, विश्वातील चुंबकत्वावर दीर्घकाळ काम केले. अक्सेल ब्रांडनबुर्ग यांच्यासोबत २००५ मध्ये त्यांनी लिहिलेला डायनॅमोवरचा प्रदीर्घ आढावा जगभरचे विद्यार्थी आज पहिल्यांदा हाती घेतात.

या बॅटरीतून मिळणारे बीजक्षेत्र किती? दशांश चिन्हानंतर एकोणीस शून्ये आणि मग एक, एवढे गॉस. ते आजच्या आकाशगंगेच्या क्षेत्राएवढे व्हायला सुमारे ४९ वेळा दुप्पट व्हावे लागेल. बुद्धिबळाच्या पटावर दर घराला दाणे दुप्पट करण्याची गोष्ट ज्याने ऐकली आहे, त्याला हे अशक्य वाटणार नाही. अडचण आहे ती वेळेची. सूर्याला आकाशगंगेची एक फेरी घालायला वीस-पंचवीस कोटी वर्षे लागतात, म्हणजे हे इंजिन सावकाश फिरते. आणि २०२३ मध्ये चिलीतील आल्मा दुर्बिणीने अशी एक दीर्घिका दाखवली, जिचा प्रकाश ११०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे. विश्व तेव्हा जेमतेम अडीचशे कोटी वर्षांचे होते. तरीही त्या दीर्घिकेत हजारो प्रकाशवर्षे पसरलेले, शिस्तशीर चुंबकीय क्षेत्र आढळले. इतक्या लवकर इतकी शिस्त कशी आली? वायूच्या लहान-लहान भोवऱ्यांत चुंबकत्व फार वेगाने वाढते, हे एक उत्तर. विरजण मुळातच जास्त होते, हे दुसरे.

दुसऱ्या उत्तराच्या मागे गेले की आपण विश्वाच्या पहिल्या क्षणांपाशी पोहोचतो. १९८८ मध्ये मायकेल टर्नर आणि लॉरेन्स विड्रो यांनी, आणि १९९२ मध्ये भारत रात्रा यांनी, विश्व अतिवेगाने फुगले त्या क्षणी बीजक्षेत्र कसे तयार होऊ शकेल याचे हिशोब मांडले. १९९१ मध्ये तन्मय वाचस्पती यांनी सुचवले की विश्व थंड होताना मूलभूत बले एकमेकांपासून वेगळी झाली त्या संक्रमणात चुंबकत्व जन्मले असावे. या कल्पनांना पडताळा हवा. विश्वाच्या बालपणीचा जो अवशेष प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून येतो, त्यावरून युरोपच्या प्लांक उपग्रहाने वरची मर्यादा घातली. आदिम चुंबकत्व असलेच तर ते आजच्या हिशोबाने गॉसच्या काही अब्जाव्या भागांहून जास्त नाही.

खालची मर्यादा आली ती विश्वातल्या रित्या प्रदेशांतून. दीर्घिकांच्या जाळ्यामध्ये कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या मोकळ्या जागा आहेत. तिथे तारे जवळजवळ नाहीत, म्हणजे डायनॅमो फिरवणारे इंजिन नाही. दूरच्या काही दीर्घिकांतून निघणारे अतिऊर्जावान गॅमा किरण या मोकळ्या जागेतून येताना इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जुळा पॉझिट्रॉन यांच्या जोड्या निर्माण करतात आणि त्या जोड्या पुन्हा कमी ऊर्जेचे गॅमा किरण देतात. ते कमी ऊर्जेचे किरण फर्मी या अवकाशातल्या दुर्बिणीला अपेक्षेइतके दिसले नाहीत. २०१० मध्ये नेरोनोव आणि वोव्क यांनी म्हटले की वाटेतल्या चुंबकत्वाने त्या जोड्यांना वळवून टाकले असणार, आणि तसे असेल तर तिथले क्षेत्र दशांश चिन्हानंतर पंधरा शून्ये आणि मग एक, निदान इतके गॉस तरी हवे. काही शास्त्रज्ञ या निरीक्षणाला दुसरे स्पष्टीकरण देतात. वाद चालू आहे. पण रित्या जागेतही चुंबकत्व आहे हे पक्के ठरले, तर ताऱ्यांच्याही आधी कुणीतरी विरजण घातले होते, या मताचे पारडे जड होईल.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर, विश्वातले चुंबकत्व ही वाढीची गोष्ट आहे आणि कुठलीही वाढ शून्यातून होत नाही. ज्यांनी वाढ समजावून सांगितली त्यांनी मोठे काम केले, पण सुरुवात शोधणाऱ्यांचे काम अजून बाकी आहे.

या पुस्तकात सहा प्रकरणे आहेत. पहिले चुंबकाचे आणि विजेचे, दुसरे पृथ्वीचे, तिसरे सूर्याचे, चौथे आकाशगंगेचे, पाचवे डायनॅमोचे आणि सहावे बीजक्षेत्राचे. गणित शक्य तेवढे टाळले आहे, पण विचार कुठेही टाळलेला नाही. घाई असेल त्याने दुसरे आणि सहावे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. 'बीजक्षेत्र', 'दीर्घिका', 'विश्वकिरण' असे शब्द मराठीत आहेत तिथे ते घेतले. 'इलेक्ट्रॉन', 'डायनॅमो', 'फील्ड' हे शब्द कारखान्यात आणि वर्गात सगळ्यांच्या तोंडी आहेत, म्हणून ते बदलले नाहीत. आपल्या भागातला मुलगा घरी मराठी बोलतो, बाजारात कन्नड बोलतो आणि शास्त्र इंग्रजीत शिकतो. तीनही भाषा त्याच्या आहेत. पण प्रश्न पहिल्यांदा पडतो तो घरच्या भाषेत, आणि त्या भाषेत त्याला उत्तराच्या जवळ नेणारे पुस्तक हवे, एवढीच या लेखनामागची तळमळ आहे.

वर्कशॉपमधल्या माझ्या विद्यार्थ्याने हस्तलिखिताचे पहिले वाचन केले आणि जिथे त्याला कळले नाही तिथे पेन्सिलीने फुली मारली. त्या सगळ्या जागा मी पुन्हा लिहिल्या. मामांनी डायनॅमोचे प्रकरण वाचून घेतले आणि दोन चुका दाखवल्या. या दोघांचा मी ऋणी आहे.

वाचकाला एकच विनंती. खोडदच्या दुर्बिणीवर दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, सुमारास विज्ञान प्रदर्शन भरते आणि सामान्य माणसाला आत जाऊन तबकड्या पाहता येतात. बेळगावहून रात्रीच्या गाडीने पुणे आणि तिथून सकाळी नारायणगाव. घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला घेऊन एकदा जाऊन या. जाताना खिशात जुन्या स्पीकरचा चुंबक असू द्या, पण तो दुर्बिणीजवळ काढू नका. परत आल्यावर पाऊस पडला की तो तांबड्या मातीतून ओढा आणि मुलाला विचारू द्या, हे मुळात आले कुठून.

मच्छे, बेळगाव